चपला हातात घेऊन

माझ्या मुलीला सोडून मी पहिल्यांदा निघाले, तेव्हा चपला माझ्या हातात होत्या. मागच्या अंगणात आई तिला कोंबड्या दाखवत होती. आमचं आधीच तसं ठरलं होतं. आईनं तिला कडेवर घेऊन मागं जायचं, कोंबड्यांना दाणे टाकायचे, आणि तेवढ्यात मी पुढच्या दारानं सटकायचं. फरशीवर आवाज नको म्हणून चपला हातात घेतल्या. भुरटा चोर निघून जावा तशी मी निघाले. चोर निदान काहीतरी घेऊन जातो, मी सोडून चालले होते. रस्त्याला लागल्यावर चपला पायात घातल्या आणि पाथर्डीच्या जीपमध्ये जाऊन बसले.

पाथर्डीहून एसटीनं नगर, तिथून पुढं पुण्याची गाडी. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, कंडक्टर अजून नगर नगरच ओरडतो. नगर यायच्या आतच माझी छाती दुधानं भरून आली. आर्वी आठ महिन्यांची होती आणि ती तिची प्यायची वेळ होती. मी ओढणी पुढं ओढून घेतली, तरी शेजारच्या बाईला कळलंच. ‘लेकरू कुठंय?’ तिनं विचारलं. ‘घरी,’ मी म्हणाले. यात खोटं काही नव्हतं, पण मला तिच्याकडं बघवेना. मग मी खिडकीबाहेर बघत बसले.

जाता जाता एक सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. नाइलाजानं बाळाला अंगावरून तोडायचं असेल तर हळूहळू तोडा. मी एकदम तोडलं. छातीत गाठी झाल्या, ताप भरला आणि कंपनीच्या बाथरूममध्ये दूध पिळून टाकायची वेळ आली. नळ सोडून मी ते वाहून जाऊ दिलं. गाठी गेल्या, ताप उतरला, पण ते बेसिन अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आम्ही दोघं चाकणला. नवरा एका कंपनीत, मी दुसऱ्या. मी गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करते. त्याची रात्रपाळी असली की माझी सकाळची, म्हणजे एक घरात शिरतो आणि दुसरा बाहेर पडतो. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. रजा संपली तेव्हा आर्वीला पाळणाघरात ठेवलं. तिथली बाई चांगली होती, पण आर्वीला एकामागून एक सर्दी, जुलाब, परत सर्दी. तिचं वजन घटायला लागलं. मी एक दिवस कामावर, एक दिवस दवाखान्यात. सुपरवायझर काही बोलायचा नाही, नुसता घड्याळाकडं बघायचा. शेवटी आईचा फोन आला. ‘आन इकडं,’ ती म्हणाली. ‘मी हाय ना.’

मी आणून सोडली. आमच्या भागातल्या बायकांना यात काही नवल वाटणार नाही. माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दसरा उलटला की गावात ट्रॅक्टर यायचे, गाठोडी, भांडी, शेळ्या चढायच्या आणि अर्धं गाव रिकामं व्हायचं. अंगावर पिणारी पोरं बरोबर जायची, शाळेतली आजीजवळ राहायची. मी राहायचे. आणि सगळ्या घरांत निघायची रीत एकच होती: पोरांना सांगायचं नाही. पोरं झोपेत असतानाच निघायचं. जागी झाली तर रडतील, ट्रॅक्टरमागं पळतील, म्हणून. यात कुणाला काही वाईट वाटत नसे. उलट पोराला न रडवता निघाली ती बाई हुशार.

पण पोरांना कळतं. एका वर्षी सामानाची बांधाबांध बघून मी ठरवलं की आईला सुटू द्यायचं नाही. झोपताना तिच्या पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधलं, चांगली दोन वेळा गाठ मारून. आई हसली, तिनं बांधू दिलं. उठले तेव्हा गाठ तशीच होती. पदर मनगटाला, लुगडं माझ्या अंगावर, आणि आई नव्हती. ती लुगडं बदलून निघून गेली होती. आजी म्हणाली, ‘तुला ऊब ऱ्हावी म्हनून ठिवलंय.’ मी ते लुगडं कितीतरी दिवस कुणाला धुऊ दिलं नाही.

तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की आपल्या पोरांना आपण असं कधी सोडायचं नाही. आणि चाकणची नोकरदार मी, कोंबड्यांचा बेत आखताना आईपेक्षा मीच पुढं होते. पाळण्यात माझी ओढणीसुद्धा ठेवली. वासानं झोपेल म्हणून.

मग आमचं नवं आयुष्य सुरू झालं. सुट्टी जुळली की गावी, एरवी व्हिडिओ कॉल. मी मोबाईलमधलं ॲप बघून आईला सूचना द्यायचे: मीठ नको, मध नको, काजळ नको, खिचडी मऊ पण पातळ नको. आई सगळ्याला ‘व्हय, व्हय’ म्हणायची. तिच्या मांडीवर पोरगी, हातात वाटी, समोर फोन टेकवलेला, आणि मी दोन घास भरवायला नसताना खिचडी किती मऊ हवी ते सांगतेय. फोन ठेवला की माझी मलाच लाज वाटायची. तरी दुसऱ्या दिवशी मी परत सूचना द्यायचेच. द्यायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

आर्वी बोलायला लागली. आईला मी आई म्हणते, ते ऐकून तीही तिला आई म्हणायला लागली. आणि मला? मी रोज फोनवर ‘हॅलो’ म्हणते, म्हणून मी ‘अलो’. सगळे हसले, मीही हसले. एकदा गावी गेले तर ती माझ्याकडं बघून ‘अलो’ म्हणाली आणि मग कोनाड्यातल्या फोनकडं बघायला लागली. तिथून मी बाहेर कशी आले, हे तिला कळेना. नवऱ्याला हे सांगताना मी गंमत म्हणून सुरुवात केली आणि निम्म्यातच रडायला लागले.

पुढं पुढं एक गोष्ट लक्षात आली. मी गावी गेले की ती झोपायचीच नाही. डोळे मिटत आले की दचकून उघडायची, माझी ओढणी मुठीत धरायची. कोंबड्यांकडं चल म्हटलं की मान हलवून माझ्या गळ्याला मिठी मारायची. आणि माझ्या बॅगेची चेन वाजली की, मी नुसता टॉवेल काढत असले तरी, रडायला लागायची. आई म्हणाली, ‘दात येत्यात, म्हनून किरकिर करती.’ मला दाताचं वाटलं नाही. त्या मुठीत माझ्या ओढणीचं टोक बघितलं आणि माझं मनगट आठवलं.

त्या खेपेला मी आईला म्हणाले, ‘या वेळी सांगून जाते.’

‘येडी का काय? ती रडंल. मग तुझा पाय निघंल का?’

‘रडू दे.’

‘तुला सोपं हाय म्हनायला. मागं मला सांभाळायचंय तिला.’

ते खरंच होतं. तरीही मी ऐकलं नाही. निघायच्या दिवशी आर्वीला मांडीवर घेतलं, तिच्यासमोर बॅग भरली, चेन लावली. ती रडायला लागलीच. मी तिला सांगितलं, ‘अलो कामाला चाललीय. आई इथं आहे. अलो परत येणार.’ पंधरा महिन्यांच्या लेकराला यातलं किती कळलं असेल, देव जाणे. चपला पायात घातल्या, त्यांचा आवाज होऊ दिला. तिनं माझी ओढणी धरली, तिची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. ते काम माझ्या आईनं लुगडं बदलून टाळलं होतं. ती हुशार होती हे मला तेव्हा पटलं. जीपपर्यंत आर्वीचं रडणं ऐकू येत होतं. आपण चूक तर करत नाही ना, असं वाटून मी दोनदा थांबले, पण गेले.

दुसऱ्या दिवशी फोन लावायचा मला धीर होत नव्हता. आईनंच लावला.

‘लई रडली,’ ती म्हणाली. ‘पन हुडकलं न्हाई तिनं तुला.’

‘म्हणजे?’

‘दर येळंला तू गेलीस की दोन दोन दिस हुडकायची. पलंगाखाली बघायची, न्हाणीत बघायची, कनगीमागं बघायची. तुला सांगितलं न्हाई, तुझ्या जिवाला घोर नको म्हनून. या येळंला रडली, मग दूधभाकर खाल्ली आन झोपली.’

मी फोन ठेवणार, तेवढ्यात परत तिचा आवाज आला. ‘तू बी हुडकायचीस,’ ती म्हणाली. ‘तुझ्या आजीनं सांगितलं हुतं मला. पुढल्या साली मी तरी बी तशीच गेले. तुझं त्वांड बघून माझा पाय निघाला नसता.’

घर म्हणजे काय, असं आपण बाहेर पडलेली माणसं एकमेकांना उगाच विचारत असतो. माझ्यापुरतं सांगते. चाकणच्या दोन खोल्यांत मी राहते. आर्वीला तिथं कधी नेता येईल, ते मला आज सांगता येत नाही, आणि हे लिहितानाही मला बरं वाटत नाही. गावातलं घर हे मला सारखं सोडून यावं लागणारं ठिकाण आहे. तिथून लपून निघायचं नाही, एवढंच मी माझ्या हातात ठेवलंय.

परवा परत जाऊन आले. आर्वीला सांगितलं. ती रडली, तिनं हात हलवला, परत रडली. मी बॅग उचलली, तेव्हा आई नेहमीच्या सवयीनं मागच्या दाराकडं वळली होती. उंबऱ्यात ती थांबली.

‘तिला सांगितलंस,’ आई म्हणाली. ‘आन मला?’

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कोंबड्यांच्या नादात मी आईचा निरोप कधी घेतलाच नव्हता. लग्नात पाठवणी झाली तेव्हाही ती मांडवामागं भांडी आवरत बसली होती. मी बॅग खाली ठेवली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ‘आई, मी जाऊन येते,’ म्हणाले. आर्वीला कडेवर घेऊन ती माझ्याकडं बघत राहिली आणि या वेळी कुठंच गेली नाही.