ग्वेनच्या हातातला दिवा

आमची शेजारीण ग्वेन इथे इंग्लंडात, यॉर्कशरच्या शाळेत नाटक शिकवते. पडदे टांगणं, रुसलेल्या पोरांची समजूत घालणं, सगळं तिच्याच गळ्यात. कपडे शिवून द्यायला मी जाते.

त्या दिवशी दहावीच्या पोरांचा नाटक विषयाच्या परीक्षेचा प्रयोग होता. समोर परीक्षक बसलेले, आणि वाक्य सुचवायला सक्त मनाई.

"मिस, विसरले तर?" शेवटचा प्रवेश एकटीनं करणाऱ्या टिलीनं विचारलं.

"माझ्या तोंडाकडे बघू नकोस. तिथे नाक सोडून काही नाही," ग्वेन म्हणाली. टिली हसली.

आणि प्रयोगात, रंगमंचावरच्या खुर्चीत बसलेली असताना, शेवटच्याच वाक्याला अडली. ग्वेन दिव्यांच्या बटणांपाशी होती, मी शेजारी. ग्वेनचे ओठ ते वाक्य म्हणत हलत होते, आवाज मात्र नव्हता. दिवा मालवला तर प्रवेश संपला. ठेवला तर पोर उजेडात उघडी पडलेली.

"अगं, कर ना काहीतरी!" मी कुजबुजले.

"काय करू? थांबतेय ना."

तिनं दिवा तसाच ठेवला. टिलीनं दोनदा तोंड उघडलं, मिटलं, आणि मान खाली घालून आत निघून गेली. मग ग्वेननं रिकाम्या खुर्चीवरचा उजेड सावकाश मंद केला, वाक्य झाल्यावर करायचा ठरला होता तसाच.