भाऊजींच्या पोटातला गोदामवाला

आमचे भाऊजी बसले की आधी खाट बोलायची, मग भाऊजी. लग्नात हा माणूस काठीसारखा होता. पुढे बाभुळगावच्या शेतात कपाशी चांगली पिकत गेली, ताईच्या हाताला चव होती, आणि भाऊजी दोन्ही बाजूंनी रुंदावत गेले. बोलणी मात्र ताईने खाल्ली. "पोराले चारून चारून पोतं केलं वो हिनं," भाऊजींच्या आत्याबाई येता-जाता म्हणायच्या. ताई मान खाली घालून ऐकायची.

मी पांढरकवड्याला जीवशास्त्र शिकवतो. वर्गाबाहेर माझं तोंड फारसं उघडत नाही. एकदा शेतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचं जेवण होतं. आत्याबाई भर पंगतीत पुन्हा सुरू झाल्या. ताईकडे बघवेना, म्हणून मी बोलून गेलो. शरीरात चरबी साठवायला मदत करणारं एक एन्झाइम असतं. प्रयोगशाळेत ज्या उंदरांमध्ये ते नव्हतं, ते भरपेट खाऊनही फारसे लठ्ठ झाले नाहीत, असं मी वाचलं होतं.

भाऊजींनी हातातला रोडगा खाली ठेवला. हे क्वचितच घडे.

"म्हंजे माह्या पोटात गोदामवाला बसला हाय. माल आला का थप्पी लावते, बाहेर काही सोडत नाही."

"साधारण तसंच," मी म्हणालो.

"आयकलं का आत्याबाई? सर सांगून राह्यले." आणि रोडगा पुन्हा उचलला. आत्याबाई सायन्सपुढे गप्प झाल्या, त्या पुढची कितीतरी वर्षं.

तेव्हापासून गोदामवाला घरचाच झाला. लग्नात वाढपी आला की भाऊजी म्हणत, "दोन जिलब्या माह्या, दोन त्याच्या." उमरखेडच्या एसटीत शेजारी अर्धवट टेकलेल्या माणसाला त्यांनी हात जोडून सांगितलं, "माफ करा बाप्पा, आमी दोघं हाव." यवतमाळच्या डॉक्टरांनी हृदयाची भीती घालून जेवण कमी करायला सांगितलं, तर म्हणाले, "ते त्याले सांगा. मी नुसता मालक हाव, मले कोन इचारते?"

डॉक्टर हसले. मला हसता येईना. परतताना गाडीत मी कसाबसा धीर केला.

"भाऊजी, मी अर्धंच सांगितलं होतं. ते उंदीर होते. माणसात एकट्या एन्झाइमवर सगळं नसतं, खाणंही बघावं लागतं. तुम्ही माझ्या भरवशावर खात राहिलात."

ते बाहेरच्या तुरीकडे पाहत म्हणाले,

"सर, मी काय येडा हाव? जिलबी कोनं खाल्ली हे मले समजत नाही? पन त्या पंगतीपासून तुमच्या ताईले कोनी बोललं का? लोकायले शिव्या द्याले कोनीतरी लागतेच. गोदामवाल्याले द्या म्हनलं, त्याले काय फरक पडते." मग म्हणाले, "आता खातो कमी. पन घरी हे सांगू नका."

मी सांगितलं नाही. त्यांनी खरंच कमी खाल्लं, शर्ट ढिले झाले. तरी यंदाच्या थंडीत ते गेले. मी आधी बोललो असतो तर, हा विचार मला सोडत नाही.

तेरवीच्या पंगतीत ताई वाढत होती. आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, हळू म्हणाल्या पण सगळ्यांना ऐकू गेलं, "शेवटी चारूनच घालवलं."

ताई जागच्या जागी थांबली. मी पानावरून उठलो. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

"आत्याबाई, ते स्वतःच्या मर्जीनं खायचे. मला त्यांनी स्वतः सांगितलं. तुम्ही ताईला बोलू नये म्हणून इतकी वर्षं ते एन्झाइमचं नाव पुढं करत होते. डॉक्टरसमोरसुद्धा."

पंगत खाली बघू लागली. ताई माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने डोळे पुसले, तुपाचं भांडं घेतलं आणि ती आत्याबाईंच्या पानासमोर येऊन वाकली. भातावर धार धरली. आत्याबाई "पुरे" म्हणाल्या. नंतर "पुरे ना वो" म्हणाल्या. ताईने धार तोडली नाही.