डाव्या सीटवरचा ब्रेक

ब्रेक सिस्टरनं नाही, मी मारला.

आरटीओच्या मैदानावरची टेस्ट होती. चढावर गाडी थांबवायची आणि मागं न सरकू देता परत वर काढायची, एवढंच काम. वंदना सिस्टर स्टिअरिंगवर, मी डाव्या सीटवर, इन्स्पेक्टर साहेब मागं. गाडी चढावर जराशी डगमगली आणि माझा उजवा पाय आपोआप खाली गेला. साहेबांनी मागून माझा गुडघा बघितला.

"ड्रायव्हर कोण हाय? ह्या बाई का तुम्ही?"

"ह्या, साहेब."

"मग तुमचा पाय काय करून राहिला तिथं? फेल. सात दिवसांनी या."

सिस्टर गाडीतून उतरल्या, ओढणीनं चष्मा पुसला आणि बाकड्यावर जाऊन बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोडं समजावून सांगतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो, शिकवणाऱ्यासाठी. याला ड्युअल कंट्रोल म्हणतात. शिकणारा चुकला तर शिकवणारा गाडी थांबवू शकतो. स्टिअरिंग मात्र एकच, शिकणाऱ्याकडं. टेस्टच्या वेळी डावीकडच्या माणसानं पाय लावला की शिकणारा नापास. नियम बरोबर आहे. माझं डोकं बरोबर नव्हतं.

मी बावीस वर्षं एस.टी. चालवली. बरीच वर्षं नांदेड-लातूर, लोहा-अहमदपूर मार्गे. मग कमरेचा मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, जड गाडी बंद. एक्कावन्नाव्या वर्षी मी राजीनामा दिला आणि नांदेडला इक्बालभाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागलो. लोकांना वाटलं, लई सोपं काम. गाडी तीच, रस्ता तोच, फक्त बाजू बदलली.

बाजू बदलणं काय असतं ते मला विचारा. समोरून ट्रक येतोय, आणि तुमच्या हातात काही नाही. हात मांडीवर. बायको म्हणायची, तुम्ही घरात जेवतानासुद्धा ताट दोन्ही हातांनी पकडून बसता आजकाल. त्यात शिकणारे मला 'सर' म्हणायचे. बावीस वर्षं मी 'डायवर मामा' होतो. कोणी सर म्हटलं की मी मागं वळून बघायचो, कोण मास्तर आलाय म्हणून.

भीती होती, खरं सांगतो. आणि भीती आली की पाय ब्रेकवर जायचा. कुत्रं दिसलं, ब्रेक. स्पीड ब्रेकर आला, ब्रेक. शिकणाऱ्याला वाटायचं गाडी आपण थांबवली. त्याला आपला ब्रेक किती दाबावा लागतो तेच कळायचं नाही. माझ्यामुळं नापास होणाऱ्या सिस्टर तिसऱ्या होत्या.

त्या दिवशी दुपारी इक्बालभाईंनी मला ऑफिसात बसवलं. चहा मागवला. चहा मागवला म्हणजे प्रकरण गंभीर.

"दत्तराव, तुमच्यासारखा ड्रायव्हर ह्या नांदेडात न्हाई. पण मला ड्रायव्हर न्हाई पायजे, शिकवणारा पायजे."

"तो डावा ब्रेकच काढून टाका ना, भाई."

"आणि कुणाला ठोकली तर? तुमच्या बापाचं मैदान हाय का रस्ता म्हंजे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "सिस्टरची टेस्ट पुढच्या आठवड्यात. तिथं पाय हलला, तर मी दुसरा माणूस बघतो. दोस्ती आपल्या जागी."

मी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाई म्हणतात. पण तुम्ही एवढ्यात मरू नका, आठ दिवस हायेत."

सिस्टरची अडचण माझ्यापेक्षा मोठी होती. चौदा वर्षं त्या नांदेडच्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्स होत्या. नोकरी करता करता परीक्षा दिली आणि इस्लापूरकडच्या एका आरोग्य उपकेंद्रावर नेमणूक मिळाली. घरात पहिली सरकारी नोकरी. हॉस्पिटलचा राजीनामा देऊन झाला होता. महिनाअखेर हजर व्हायचं होतं. तिकडं किनवट तालुक्यात गावं पांगलेली, जंगलाचा भाग, बस दिवसातून मोजून येणार. भावानं त्याची जुनी छोटी गाडी देऊ केली होती. लायसन्स नसेल तर ती गाडी दारात नुसती उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत मैदानावर. मी म्हटलं, "सिस्टर, चूक माझी. तुम्ही दुसऱ्या स्कूलमध्ये जायचं असलं तर जा. मी भाईंना सांगतो."

"जाऊन काय करू, सर? तिथं दुसरा कुणी ब्रेक मारंल." आणि त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही एवढे का घाबरता पण? मी काही गाडी विहिरीत घालणार हाय का?"

मी सरळ सांगून टाकलं. "तुमची भीती न्हाई वाटत. हातात स्टिअरिंग नसलं की मी कोण, तेच कळत न्हाई. गाडीत ठेवलेलं बोचकं हाय मी."

त्यांनी गाडी बंद केली.

"मला बी तसंच होऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलात काही झालं की पळत जाऊन डॉक्टरला बोलवायचं. दहा पावलांवर डॉक्टर. तिकडं न्हाई. तिकडं लोक पळत येणार ते माझ्याकडं. रात रात झोप न्हाई लागत, सर."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. वॉर्डात नवीन पोरी यायच्या, त्यांना पहिलं इंजेक्शन सिस्टर द्यायला लावायच्या. पोरगी सुई टोचायला कचरली की सिस्टरचा हात सिरिंज घ्यायला पुढं जायचा. "घेतली की ती पोरगी पुढं महिनाभर शिकायची न्हाई. मग मी काय करायची, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभी राहायची. नि तोंडानं सांगत राहायची."

मी माझ्या पायांकडं बघितलं. मग बूट काढले आणि सीटवर मांडी घातली.

वाचणाऱ्यांनी हे रस्त्यावर करू नये. आरटीओ उघडायच्या आधीचं मैदान मोकळं होतं, गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, आणि आमच्याशिवाय तिथं एक म्हैस फक्त होती. रस्त्यावर पाय ब्रेकजवळच पाहिजेत, त्यात तडजोड नाही.

पहिल्या फेरीत गाडी म्हशीकडं वळली तसा मी "अगं माय!" म्हणून ओरडलो. पाय झाडायला गेलो तो गुडघा डॅशबोर्डवर आपटला. सिस्टर हसून बेजार. पण गाडी त्यांनी थांबवली. स्वतःच्या ब्रेकनं.

पाय असे मांडीत अडकले तेव्हा मला एक गोष्ट ध्यानात आली. दोन महिने मी या बाईला काही सांगितलंच नव्हतं. 'सावकाश', 'अहो', 'थांबा थांबा', एवढंच. बाकी सगळं माझा पाय करत होता. आता तोंडाशिवाय इलाज नव्हता. पण सांगायचं तरी काय? हाफ क्लच कसा धरायचा, हे मला कुणी शब्दात सांगितलं नव्हतं. पायाला माहीत होतं, मला माहीत नव्हतं.

मग मी घरी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर बसून पाय हलवून बघायचो आणि बोलायचो. बायकोला वाटलं मणक्याचं दुखणं वर डोक्यात गेलं. दोन दिवसांनी मला जमलं. "सिस्टर, क्लच हळू सोडा. इंजिनचा आवाज जड होतो बघा, ओझं उचलल्यासारखा. तिथंच पाय थांबवा. आता गाडी तुम्हाला पुढं ओढायला बघतेय. याला हाफ क्लच म्हणतात. आता हँडब्रेक सोडा." गाडी चढावर जागची हलली नाही. मग शांतपणे वर गेली.

"हे आधी का न्हाई सांगितलं, सर?"

"मलाच आज कळलं."

टेस्टच्या दिवशी तेच साहेब. मी आधीच बूट काढून मांडी घालून बसलो.

"हे काय? कीर्तन हाय का इथं?"

"पाय तिथं नकोत म्हणून, साहेब."

साहेब मागं बसले. इंग्रजी आठचा आकडा सिस्टरनी नीट काढला. रिव्हर्स नीट घेतला. मग चढ आला. गाडी थांबली, आणि परत निघताना इंजिन बंद पडलं.

गाडी मागं सरकली. वीतभर असेल. माझ्या डोळ्यांसमोर इक्बालभाईंचा चहा आला. मांडी एवढी घट्ट धरली की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं झालं होतं. तोंडानंही काही बोलायची सोय नव्हती, टेस्ट चालू होती.

सिस्टरनी हँडब्रेक ओढला. खटकन. गाडी थांबली. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, चावी फिरवली, क्लच सोडत आणला. आवाज जड झाला. मला ऐकू आला, त्यांनाही आला असणार. हँडब्रेक सुटला आणि गाडी वर.

साहेबांनी कागदावर सही केली. "गाडी बंद पडली तर घाबरल्या न्हाईत. पास."

माझा जीव भांड्यात पडला. सिस्टर खाली उतरून माझ्या पाया पडायला लागल्या, मी म्हटलं, अहो राहू द्या, पायांनीच सगळा घोळ केला होता. इक्बालभाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. "आता बोर्डावर लिहू का, आमच्याकडं मांडी घालून शिकवतात?" पण दुसरा माणूस काही त्यांनी बघितला नाही.

हजर व्हायच्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, पहिल्यांदाच एवढं लांब चालले, सोबत चला. मी सुट्टी टाकली. भावाची गाडी, त्यात डावीकडं ब्रेकबिक काही नाही. सिस्टर स्टिअरिंगवर, मागं त्यांची आई, कपड्यांची पेटी आणि स्टेथोस्कोपची पिशवी. भोकरपर्यंत मी प्रत्येक खड्डा आधी बघत होतो आणि सांगत होतो. मग सांगायचं राहायला लागलं. त्या स्वतःच गिअर बदलत होत्या, ट्रॅक्टरला हॉर्न देत होत्या, वळणावर आईला धरून बसायला सांगत होत्या. हिमायतनगर गेलं.

"सर. ओ सर."

मी दचकून उठलो. गाडी उपकेंद्राच्या दारात, सागाच्या झाडाखाली उभी होती. सरळ, रस्त्याला समांतर, हँडब्रेक लावलेला. आई खाली उतरून पाणी पीत होती.

"दहा मिनिटं झाली येऊन," सिस्टर म्हणाल्या. "घोरत होता. म्हटलं झोपू द्या."

बावीस वर्षांत दुसऱ्याच्या गाडीत माझा डोळा कधी लागला नव्हता. मेहुण्याच्या गाडीतून तिरुपतीला गेलो तेव्हासुद्धा जाता-येता टक्क जागा होतो. शिकवणाऱ्यानं गाडीत झोपणं नियमात बसत नाही, म्हणून इक्बालभाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही. पण शिकणारा तयार झाला का, आणि शिकवणाराही झाला का, हे ओळखायची याहून पक्की टेस्ट मला तरी आजवर सापडलेली नाही.