उताराची वाटणी

वाटणीत मोठ्या भावानं मुळशीतली सपाट भातखाचरं घेतली आणि त्यांच्या वरचा उभा डोंगरउतार माझ्या गळ्यात मारला. आता तोही स्वस्तात मागत होता. तो राग डोक्यात घेऊनच मी मोटरसायकलनं शिमला गाठलं. आवाज चढवून खोलीचं भाडं निम्म्यावर आणलं, तर मालक म्हणाला, "गाडी छतावर लावा." रस्ता थेट छताला भिडला होता आणि घर तिथून चार मजले खाली उतरत गेलं होतं. शहरभर फिरलो, जिकडंतिकडं तशीच घरं. तिथूनच भावाला फोन लावला, "दादा, उतार विकणार न्हाई."

"मग शेळ्या चारतोस व्हय तितं?"

"घर बांधणार हाय. छतावर गाडी लावीन आन् वरनं तुझी खाचरं बघीन."