बंद केलेला झरोका

जयपूरची थंडी बाहेरपेक्षा घरात जास्त असते. दुपारी गच्चीवर उन्हात छान बसता येतं, पण आत पाऊल टाकलं की फरशी तळव्यांना चावते. नवऱ्याची विमा कंपनीतून इकडे बदली झाली आणि आम्ही बनी पार्कात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. खाली मालक राहायचे, निवृत्त शिक्षक, आणि त्यांची बायको. मी त्यांना बाबूजी आणि माँजी म्हणायचे. हिवाळ्यात माँजींचे गुडघे इतके आखडायचे की पलंगावरून उठताना त्यांना बाबूजींचा हात लागायचा.

मी सीतापुऱ्यातल्या एका कॉलेजात आर्किटेक्चर शिकवत होते. तिथे दोन आठवड्यांसाठी फिनलंडहून एक इंजिनिअर आला. घरातली ऊब घरातच कशी टिकवायची, हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्याचं इंग्रजी हिंदीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. प्रात्यक्षिकासाठी एक राहतं घर हवं होतं. मीच म्हणाले, आमच्या खालचं बघू या.

त्याने पेटती उदबत्ती खिडकीच्या चौकटीवरून हळूहळू फिरवली. जिथे फट होती तिथे धूर आडवा व्हायचा. माँजी शाल सावरत बघत होत्या.

"मतलब सारी ठंड यहीं से आती है?" त्यांनी विचारलं.

मी सांगितल्यावर तो हसला आणि त्याने मान डोलावली. मग छताजवळच्या झरोक्याकडे बघत त्याने मला विचारलं, "या खोलीत काही जाळतात का? लाकूड, कोळसा?"

हा प्रश्न मी हिंदीत सांगितलाच नाही. कोपऱ्यात विजेचा हीटर होता. जिन्याखाली कोळशाची शेगडी ठेवलेली असते, हेही मला ठाऊक होतं. पण परक्या माणसासमोर ते सांगायची मला लाज वाटली. मी म्हणाले, "नाही. फक्त हीटर."

"मग झरोका बंद केला तरी चालेल," तो म्हणाला.

खिडक्यांना फोमच्या पट्ट्या लागल्या, दाराखाली रबर बसलं, झरोक्यात थर्माकोल गेला. महिनाभर माँजी भेटेल त्याला खोली दाखवत होत्या.

जानेवारीत त्यांचा हीटर जळाला. दुरुस्तीवाला दोन दिवसांनी येणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने बराच वेळ घंटा वाजवली, म्हणून मी खाली गेले. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर माँजी बाहेरच्या खोलीत जमिनीवर पडल्या होत्या. बाथरूमला जायला उठल्या आणि तिथेच कोसळल्या होत्या. त्यांचा श्वास चालू होता. आतल्या खोलीत बाबूजी कुशीवर झोपलेले होते, चेहऱ्यावर चांगली लाली होती. मी त्यांना दोनदा हलवलं. पलंगाच्या पायथ्याशी शेगडी होती, राखेने भरलेली. खोली छान उबदार होती.

बंद खोलीत शेगडीच्या विषारी वायूने बाबूजी गेले, हे सगळं मी इंजिनिअरला लिहिलं, माझ्या उत्तरासकट. त्याचं पत्र आठवड्याने आलं. "आमच्याकडे हा प्रश्न आम्ही घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळा विचारतो," त्याने लिहिलं होतं. "तुमच्याकडे मी एकदाच विचारला, आणि तोही तुम्हाला. ही चूक माझीही आहे."

माँजींची मुलगी त्यांना कोट्याला न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी मी माँजींजवळ बसले आणि सांगून टाकलं की इंजिनिअरने कोळशाबद्दल विचारलं होतं, मी तुम्हाला विचारलं नाही.

त्या स्वतःचे गुडघे दाबत होत्या. मग म्हणाल्या, "पूछती तो मैं भी ना ही कहती, बेटी. मेहमान के सामने कौन बताता है?"

त्यांनी माझा हात धरला नाही, झिडकारलाही नाही. मुलीला हाक मारून औषधांची पिशवी मागितली.

आता दर डिसेंबरात मी सीतापुऱ्याजवळच्या कामगारांच्या खोल्यांत फटी बुजवायला जाते. खिडकीला पट्टी लावण्याआधी खाटेखाली, जिन्याखाली, मोरीत स्वतः वाकून बघते. गेल्या वर्षी एक बाई चिडली. म्हणाली, "हमने बोला ना, कुछ नहीं जलाते. हम झूठे हैं क्या?"

मी तिची माफी मागितली आणि खाटेवरची गोधडी वर उचलली.