दोरीचं दुसरं टोक

मिरकरवाड्याच्या मशिदीत नक्षी काढणाऱ्या चाचांनी मला तिथल्या पडवीत बी.ए.च्या अभ्यासाला बसू दिलं, हे उपकार मी विसरलेलो नाही. दोरीने वर्तुळात वर्तुळ गुंतवत ते भिंतीवर तारे आखत. खिळ्याने चुन्याला भोक पडतं, म्हणून दोरीचं दुसरं टोक वर्तुळाच्या मध्यावर त्यांचा भाऊ बोटाने दाबून धरी. तो कुवेतला गेला आणि भिंत अर्धी राहिली.

“चाचा, मी धरू?”

“नको रे बाबू. ईदला येतोय तो.”

ईदच्या तोंडावर भावाचा निरोप आला की आता तो तिकडेच राहणार. दुसऱ्या दिवशी चाचांनी भिंतीत खिळा ठोकला, दोरी बांधली आणि वर्तुळ पुरं केलं.

“खिळा बरा,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. “तो मेला सारखा बडबडायचा.”