हात थरथरला नाही

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती गेली, ती माझा अभिमान मनात घेऊनच गेली. 'माह्या माणसानं देवाच्या नावावर दारू सोडली,' असं साऱ्या इतवारी पेठेत सांगत फिरायची. निदान तिला तरी खरं सांगायचं होतं. पण तेवढं सांगितलं असतं, तर पुढचंही सांगावं लागलं असतं — आणि ते पुढचं —

थांबा. आधी मी कोण ते ऐका.

मी न्हावी. इतवारीत एका कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर माझी बसायची जागा. दारू लागली ती तरुणपणीच, मोहाची, भट्टीवरची. ज्याला लागली त्यालाच कळतं — संध्याकाळची दारू मौजेची असते, सकाळची नसते. सकाळी हात लटलट कापतात. घोटभर पोटात गेल्याशिवाय वस्तरा धरवत नाही. एकदा एका व्यापाऱ्याचा कान कापला. गिऱ्हाईक तुटलं, चूल थंड पडली, तेव्हा बायकोने मला हाताला धरून नागनदीकाठच्या मठात नेलं.

मठातले बुवा भले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण ऐकणारा आधी त्यांनाच दोष देईल. त्यांची रीत साधी — पादुकांवर हात ठेवून शपथ, गळ्यात तुळशीची माळ, दोन वेळा भजन. आणि एक अट : मन ढळलं तर लपवायचं नाही, येऊन सांगायचं. एवढीच अट. तेवढीच मला जमली नाही.

पहिले दोन दिवस मी घामाने न्हालो. तिसऱ्या दिवशी भिंत हलायला लागली. दुपारी मागच्या गल्लीने भट्टीवर गेलो. एकच घोट — आणि सगळं शांत. संध्याकाळी मठात बुवांनी सर्वांसमोर माझे हात धरून वर केले. म्हणाले, "पाहा, परवापर्यंत हे हात कापत होते!" लोकांनी जयजयकार केला. एक बाई तर माझ्या पायाच पडली.

तेव्हाच बोलायचं होतं. एक वाक्य. का नाही बोललो? कित्येक वर्षांत कोणी माझे हात आपल्या हातात घेतले नव्हते — हे कारण आहे का? नाही. फक्त तसं झालं होतं, एवढंच.

मग रोज सकाळी एक घोट. वस्तरा-कात्रीच्या धोपटीच्या तळाशी बाटली, तोंडात लवंग. झिंगेपर्यंत कधीच घेतली नाही, त्यामुळे कोणाला वासही लागला नाही. लोक पिणाऱ्या पोरांना, भावांना माझ्या ओट्यावर आणायचे — पाहा म्हणायचे, याचा वस्तरा कसा चालतो! दारूनेच स्थिर झालेला हात मी नामाचा म्हणून दाखवत होतो. आणि मठात उभा राहून सांगत होतो, 'एकदम सोडली. एक थेंब नाही.' इतक्या वेळा सांगितलं, की सांगताना मलाच खरं वाटायचं.

शेजारच्या गल्लीत किसन राहायचा. कोष्टी. लुगडी विणायचा, त्याच्या काठाचं काम बाया लांबून ओळखायच्या. पीत मात्र माझ्याहून जास्त. एक दिवस दाढीला बसला आणि हळूच म्हणाला, "महादेव गा, एकदम सोडली तं लय तरास होते म्हणतात. तुले झाला काय?"

"काही नाही होत गा," मी म्हणालो. "माळ घाल, नाव घे, बस."

त्याने माळ घातली. बुवांकडे पाहून नाही — माझ्याकडे पाहून.

बुवांनी त्याला मठातच ठेवून घेतलं. सोबत त्याची बायको भागा. पहिल्या दिवशी किसन भजनात टाळ वाजवत होता. दुसऱ्या दिवशी अन्न पोटात राहीना. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो, तर अंग तापलेलं, डोळे भलतीकडे, आणि दोन्ही हातांनी तो हवेत काहीतरी सांधत होता. तुटलेले धागे. एक सांधला की दुसरा. "सारा ताना तुटून राहिला वं," असं भागाला पुन्हा पुन्हा सांगत होता.

भागा माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमाले असंच झालं होतं काय? माह्या बापाची थोडी थोडी देऊन सोडवली होती. याइले घोटभर देऊ काय?"

बुवाही माझ्याकडे पाहत होते. म्हणाले, "महादेव, तूच सांग. तू यातून गेला आहेस."

मी 'द्या' म्हणालो असतो, तर त्यांनी दिली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. धोपटी माझ्या मांडीवर होती. बाटली तिच्यात होती. तिसऱ्या दिवशी एका घोटाने काय होतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मी म्हणालो, "मी एक थेंब नाही घेतला. त्याले पाजली तं शपथ मोडन."

भागाने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला झटके आले. ऊन अंगणात यायच्या आत किसन संपला. घाटावर त्याच्या भावाचं डोकं मीच भादरलं. त्याआधी झाडामागे जाऊन घोट घेतला. हात थरथरला नाही.

पुढे इस्पितळातला एक कंपाउंडर दाढी करवून घेताना सहज बोलून गेला — असल्यांची दारू एकदम तोडू नये, जीव जातो. जणू मला ते कोणी सांगायला हवं होतं.

मठातल्या बाया मात्र भागाला बोलल्या. पादुकांसमोर दारूचं नाव काढलंस, म्हणून देव कोपला. बुवांनी त्यांना दटावलं, पण भागाच्या मनात ते बसलं ते बसलंच. तेव्हापासून ती रोज मठ झाडते. बुवा गेले, मठाचं छप्पर बदललं, तिचे केस पांढरे झाले — झाडतेच आहे. मी अजून मठात जातो. लोक मला पुढे बसवतात. आणि मी अजून घेतो, आजही घेतली.

मागच्या गुरुवारी मठात दुसरं कोणी नव्हतं. झाडता झाडता ती थांबली आणि म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? त्या दिवशी मी तसं बोलली नसती, तं ते वाचले असते काय?"

एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच विचारलं होतं. खरं बोलायला दुसरं कोणीही आड येत नव्हतं. ती वाट पाहत होती.

मी म्हणालो, "देवाची मर्जी, भागाबाई."

ती "हो" म्हणाली, आणि राहिलेला कोपरा झाडू लागली.